दोन आश्रमशाळा, एक प्रबंध आणि तीन वेगवेगळी पी-मूल्ये : कोणती चाचणी ग्राह्य धरावी?

प्रश्न — नर्सिंग_विद्यार्थिनी

नमस्कार. मी सामुदायिक आरोग्य परिचर्या या विषयात एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या प्रबंधाची माहिती गोळा करून झाली आहे, मात्र विश्लेषणाच्या टप्प्यावर मी पुरती गोंधळले आहे. नाशिक जिल्ह्यातील दोन आश्रमशाळांमधील १२ ते १७ वर्षे वयाच्या मुलींचा हा अभ्यास असून, आरोग्यशिक्षण आणि देखरेखीखाली दिलेली साप्ताहिक लोहगोळी यांमुळे मुलींच्या हिमोग्लोबिनमध्ये आणि रक्तक्षयाविषयीच्या ज्ञानात काय फरक पडतो, हे मला पाहायचे आहे.

शासकीय कार्यक्रमातील निळी गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, दोन्ही शाळांत मिळतेच. दुसऱ्या शाळेत ती मुलींच्या हाती दिली जाते आणि पुढे ती पोटात गेली की दप्तरात राहिली, याची नोंद कोणी ठेवत नाही. पहिल्या शाळेत मात्र दर सोमवारी जेवणानंतर मुलींना समोर बसवून गोळी दिली गेली आणि आम्ही आहाराविषयी सत्रेही घेतली. ही शाळा प्रायोगिक गटासाठी निवडण्याचे कारण एवढेच की तेथील अधीक्षिका या कामाला तयार झाल्या. हिमोग्लोबिन साहली पद्धतीने (रक्त आम्लात मिसळून आणि पाणी घालत रंग जुळवून) सुरुवातीला एकदा आणि १२ आठवड्यांनंतर एकदा मोजले.

प्रायोगिक शाळेत ६६ मुली होत्या, त्यांपैकी ६२ जणींची दोन्ही मोजणी झाली. त्यांचे सरासरी हिमोग्लोबिन १०.९ वरून ११.८ ग्रॅम प्रति डेसिलिटर झाले. नियंत्रित, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या शाळेतील ६५ पैकी ५८ जणी शेवटपर्यंत राहिल्या आणि त्यांची सरासरी ११.२ वरून ११.४ झाली. आता पेअर्ड टी-टेस्ट (त्याच मुलींच्या आधीच्या आणि नंतरच्या मोजणीची तुलना) लावली असता प्रायोगिक शाळेत पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कमी येते, नियंत्रित शाळेत ०.१३ येते, म्हणून माझ्या गाईड मॅडमांच्या मते उपक्रम परिणामकारक ठरला. पण दोन्ही शाळांच्या अखेरच्या मोजणीची अनपेअर्ड टी-टेस्टने (दोन वेगळ्या गटांच्या सरासरींसाठीच्या चाचणीने) तुलना केली की पी ०.०७ येते, म्हणजे ०.०५ या रूढ मर्यादेच्या आत नाही, फरक सार्थ नाही. एकाच माहितीतून दोन उलट निष्कर्ष कसे काय निघतात?

त्यात भर म्हणून, प्रबंधांचे ‘अ‍ॅनालिसिस करून देणाऱ्या’ एका गृहस्थांनी माझी शीट पाहून सांगितले की कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणीत डेटा नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या वितरणाचा) ठरत नाही, त्यामुळे टी-टेस्ट चालणारच नाही, विलकॉक्सन आणि मॅन-व्हिटनी या क्रमांकांवर आधारलेल्या चाचण्या लावाव्या लागतील. शिवाय आमच्याकडे ज्ञानाच्या गुणांचे ‘अल्प, मध्यम, उत्तम’ असे गट पाडून त्यांचा वय, धर्म, वडिलांचे शिक्षण, कुटुंबाचा प्रकार वगैरे सर्व घटकांशी काय-स्क्वेअरने (गटांतील संख्यांची तुलना करणाऱ्या चाचणीने) संबंध पाहण्याचा प्रघात आहे. तेही करायचे आहे. पैसे देऊन विश्लेषण करून घेता येईल, पण व्हायव्हाला उत्तरे मलाच द्यायची आहेत, म्हणून समजून घेऊन स्वतः करण्याची इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ — आकडेमोड

ताई, आपण आकडे नीट दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. एरवी ‘माझ्या प्रबंधाला कोणती टेस्ट लावू’ एवढाच प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसते.

आपल्या तीन पी-मूल्यांमध्ये विरोध नाही, कारण ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिले सांगते की प्रायोगिक शाळेत १२ आठवड्यांत हिमोग्लोबिन बदलले का. दुसरे तेच नियंत्रित शाळेविषयी सांगते. तिसरे सांगते की अखेरच्या दिवशी दोन शाळांच्या सरासरीत फरक होता का, आणि ते सांगताना सुरुवातीला कोण कुठे होते याकडे पूर्ण दुर्लक्ष करते. आपल्या प्रबंधाचा प्रश्न या तिन्हींहून निराळा आहे : प्रायोगिक शाळेतील वाढ ही नियंत्रित शाळेतील वाढीपेक्षा किती अधिक आहे? या प्रश्नाची चाचणी आपण अद्याप केलेलीच नाही.

‘या गटात पी ०.०५ च्या आत आली, त्या गटात आली नाही, म्हणून दोन गट वेगळे’ हा युक्तिवाद आपल्याकडच्या प्रबंधांत इतका रुळला आहे की तो चुकीचा आहे हे सांगितले की लोक नाराज होतात. एका शाळेत ०.४ ची वाढ होऊन पी ०.०४ आली आणि दुसऱ्या शाळेत ०.३ ची वाढ होऊन पी ०.१२ आली, अशी कल्पना करा. पहिली सार्थ, दुसरी असार्थ. पण दोन शाळांच्या वाढीतला फरक अवघा ०.१ आहे आणि अशा मोजणीत एवढा फरक सहज योगायोगानेही पडतो. तुलना करायची असेल तर ती थेट केली पाहिजे, दोन पी-मूल्ये शेजारी मांडून होत नाही.

थेट तुलना अशी करावी. प्रत्येक मुलीच्या अखेरच्या हिमोग्लोबिनमधून सुरुवातीचे वजा करून एक नवा स्तंभ तयार करावा आणि त्या फरकांवर दोन शाळांमध्ये अनपेअर्ड टी-टेस्ट लावावी. आपल्या सरासरींवरून वाढ अनुक्रमे ०.९ आणि ०.२ आहे, म्हणजे वाढीतला फरक ०.७. फरकांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) आपण दिलेले नाही. ते प्रायोगिक शाळेत १.१ आणि नियंत्रित शाळेत १.० च्या आसपास असेल असे धरले, तर आपण दिलेली दोन्ही पेअर्ड पी-मूल्ये जुळतात, आणि ०.७ भोवतीचा ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.३ ते १.१ असा येतो. ही माहिती ‘पी अमुक पेक्षा कमी’ यापेक्षा कितीतरी बोलकी आहे, कारण परिणाम किमान आणि कमाल किती असू शकेल याचा अंदाज वाचणाऱ्याला त्यातून येतो.

याहून बरा मार्ग म्हणजे अ‍ॅन्कोव्हा. त्यात अखेरचे हिमोग्लोबिन हे अवलंबी चल (ज्यातला फरक पाहायचा ते), शाळा हा गट आणि सुरुवातीचे हिमोग्लोबिन हे सहचल (सोबत हिशेबात घ्यायचा घटक) म्हणून घालतात. सुरुवातीची मोजणी हिशेबात घेतल्यामुळे मुली-मुलींमधील मूळचा फरक बाजूला निघतो आणि अंदाज अधिक नेमका होतो. वय आणि मासिक पाळी सुरू झाली आहे की नाही, हेही त्यात घालता येईल. मात्र कोणते सहचल घालायचे हे निकाल पाहण्याआधी ठरवून, शक्यतो गाईड मॅडमांना लेखी कळवून ठेवावे.

रक्तक्षयी मुलींच्या प्रमाणाविषयी आपण विचारले नाही, पण तो तक्ता आपण करणारच. १२ वर्षे व त्यावरील मुलींसाठी १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय, हा निकष आपल्या वयोगटाला लागू पडतो. समजा, प्रायोगिक शाळेत आधी ६२ पैकी ४८ आणि नंतर ३४ मुली रक्तक्षयी निघाल्या. येथे ४८ आणि ३४ शेजारी ठेवून साधी काय-स्क्वेअर लावली जाते, आणि त्यामुळे संगणक १२४ वेगवेगळ्या मुली आहेत असे समजतो. मुली त्याच आहेत, म्हणून मॅकनेमार चाचणी घ्यावी. तिच्यासाठी फक्त बदललेल्या मुली मोजायच्या : १६ जणी रक्तक्षयातून बाहेर आल्या आणि २ जणी नव्याने त्यात गेल्या, असे असेल तर सगळा निर्णय या १६ आणि २ वर ठरतो आणि पी सुमारे ०.००१ येते. ज्यांची स्थिती बदलली नाही त्या ४४ मुलींचा त्यात काही वाटा नाही. तरीही हा तक्ता दुय्यम ठेवावा, कारण ११.९ वरून १२.० वर गेलेली मुलगी ‘बरी झाली’ आणि ८.५ वरून ११.५ वर गेलेली ‘रक्तक्षयीच राहिली’ असे त्यात दिसते.

‘डेटा नॉर्मल नाही’ या मुद्द्याने घाबरण्याचे कारण नाही. टी-टेस्टला आणि अ‍ॅन्कोव्हाला सगळा डेटा घंटेच्या आकाराचा असण्याची गरज नसते. अ‍ॅन्कोव्हात पाहायचे असते ते अवशेषांचे, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी आणि गणिताने काढलेला अंदाज यांतील फरकांचे, वितरण, आणि प्रत्येक गटात साठेक निरीक्षणे असताना त्यातही थोडी वक्रता खपते. दोन शाळांतील मिळून एकत्र आलेख काढला तर दोन शिखरे दिसू शकतात आणि चाचणी ‘नॉर्मल नाही’ म्हणते, यात नवल नाही. अवशेषांचा क्यू-क्यू आलेख (नॉर्मल वितरणाशी तुलना करणारा आलेख) काढून डोळ्यांनी पाहावा. एखादी मुलगी फारच दूर पडलेली दिसली तर तिची मूळ नोंदवही उघडून पाहावी. बहुतेक वेळा ११.२ च्या जागी १.१२ टंकलेले सापडते.

सॉफ्टवेअरसाठी खर्च करू नये आणि कोणाकडून ‘क्रॅक’ केलेले एसपीएसएसही घेऊ नये. जामोवी विनामूल्य आहे, आर या प्रणालीवर चालते आणि त्यात अ‍ॅन्कोव्हा, मॅकनेमार, क्यू-क्यू आलेख हे सर्व माउसने करता येते.

उत्तर २ — पीएसएम_रेसिडेंट

वरचे उत्तर उत्तमच आहे. मी विश्लेषणाच्या आधीच्या गोष्टींविषयी लिहितो, कारण शीटमध्ये जे चुकीचे भरले गेले आहे ते कोणतीही चाचणी दुरुस्त करत नाही.

साहली पद्धतीत आम्लात रक्त मिसळल्यावर तपकिरी रंग पुरता उतरायला सुमारे १० मिनिटे लागतात. पहिल्या मोजणीच्या दिवशी बाहेर रांग लागलेली असते, हात बसलेला नसतो, आणि तीन-चार मिनिटांतच नळी उजेडात धरली जाते. मग कमी पाणी घालूनच रंग जुळतो आणि आकडा कमी येतो. अखेरच्या मोजणीला सराव झालेला असतो, आकडा योग्य येतो. अशा वेळी हिमोग्लोबिन न वाढताही ‘वाढते’. सुदैवाने आपल्याकडे नियंत्रित शाळा आहे आणि तेथेही तीच माणसे, तीच उपकरणे आणि तीच घाई असेल, तर ही चूक दोन्हीकडे सारखी होऊन वजाबाकीत निघून जाते. पण पहिल्या शाळेत आपण मोजले आणि दुसऱ्या शाळेत मैत्रिणीने, असे असेल तर ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहावे लागेल.

एक छोटी तपासणी जरूर करावी. हिमोग्लोबिनच्या स्तंभातील दशांशानंतरचा आकडा वेगळा काढून ० ते ९ पैकी कोणता किती वेळा आला, हे मोजावे. शून्य आणि पाच यांचीच गर्दी दिसली, तर वाचन अर्ध्या ग्रॅमवर उरकले गेले आहे असे समजावे. तसे निघाल्यास १२ ग्रॅमच्या रेषेवर कित्येक मुली बसलेल्या असतील आणि रक्तक्षयी मुलींचे प्रमाण त्या एका रेषेवर हेलकावे खाईल. मग सरासरीवरच भर द्यावा.

शीटमध्ये एका मुलीची एकच ओळ असावी. जी मुलगी अखेरच्या दिवशी नव्हती तिचा रकाना रिकामा ठेवावा. तेथे ० किंवा ९९ भरण्याची सवय अनेकांना असते, आणि सॉफ्टवेअर बिचारे ते हिमोग्लोबिन समजून सरासरी काढते.

नियंत्रित शाळेतून ७ आणि प्रायोगिक शाळेतून ४ मुली गळाल्या, त्या का गळाल्या हे शोधावे. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला किंवा मजुरीला गेलेल्या मुली या बहुधा अधिक अशक्त असतात. त्या वगळल्या की त्या शाळेची सरासरी आपोआप वर सरकते. निदान गळालेल्या आणि राहिलेल्या मुलींचे सुरुवातीचे हिमोग्लोबिन शेजारी मांडून दाखवावे.

आणखी दोन बाबी तपासाव्यात. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. आपले १२ आठवडे त्यांपैकी एखाद्या तारखेवरून गेले असतील आणि एका शाळेत अल्बेंडाझोल वाटली गेली, दुसऱ्या शाळेत पुढे ढकलली गेली, तर हिमोग्लोबिनच्या वाढीचे श्रेय कोणाला द्यायचे? दुसरी बाब सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. आजार असलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन लोह देऊनही अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. वाहक मुलीचे बहुधा सामान्यच असते. शाळेच्या आरोग्य नोंदींत ही माहिती असेल, तर आजार असलेल्या मुली किती आणि कोणत्या शाळेत, हे तक्ता क्रमांक एकमध्ये आलेच पाहिजे.

‘मध्यम रक्तक्षय असलेल्या मुलींना सर्वाधिक फायदा झाला’ असे एक वाक्य अशा प्रबंधांत हमखास येते, ते मात्र टाळावे. पहिल्या मोजणीत ११ ग्रॅमच्या खाली आलेल्या मुलींपैकी काही जणी खरोखर तितक्या खाली नसतात, त्या दिवशीचे वाचन खाली आलेले असते; दुसऱ्यांदा मोजले की त्या काहीही न करता वर येतात. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पोषणाच्या संदर्भात एकाच व्यक्तीतील दिवसागणिक चढउतारांवर भर दिला, तो उगाच नव्हे. हा उपगट नियंत्रित शाळेतही पाडून पाहावा, तेथेही ‘फायदा’ दिसेल.

उत्तर ३ — जुना_प्राध्यापक

दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु अ‍ॅन्कोव्हा हा ‘बरा मार्ग’ आहे हे विधान या अभ्यासापुरते जपून घ्यावे. मुलींना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले असते तर ते निर्विवाद खरे ठरले असते. येथे गट म्हणजे आधीपासून अस्तित्वात असलेल्या दोन शाळा आहेत आणि त्यांची सुरुवातच ०.३ च्या अंतराने झाली आहे.

त्याचा परिणाम आकड्यांतच पाहा. केवळ अखेरच्या सरासरींतला फरक ११.८ वजा ११.४, म्हणजे ०.४. वाढींतला फरक ०.७. आणि अ‍ॅन्कोव्हात, सुरुवातीच्या हिमोग्लोबिनचा उतार (सुरुवातीच्या एका ग्रॅमच्या फरकामागे अखेरीस पडणारा फरक) समजा ०.६ निघाला, तर फरक येतो ०.४ अधिक ०.६ गुणिले ०.३, म्हणजे ०.५८. एकाच तक्त्यातून तीन उत्तरे निघाली आणि तिन्हींचे गणित बिनचूक आहे. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये विद्यापीठाच्या भोजनगृहातील आहार आणि मुला-मुलींचे वजन या उदाहरणाने नेमका हाच पेच मांडला होता. त्यांच्या उदाहरणात तर एका संख्याशास्त्रज्ञाला परिणाम मुळीच दिसत नाही आणि दुसऱ्याला स्पष्ट दिसतो. वाढींची तुलना करताना आपण असे मानतो की उपक्रम नसता तर दोन्ही शाळांतील हिमोग्लोबिन सारखेच बदलले असते. अ‍ॅन्कोव्हात आपण असे मानतो की सुरुवातीचे हिमोग्लोबिन सारखे असलेल्या दोन मुली, शाळा वेगळ्या असल्या तरी, एरवी सारख्याच. यांपैकी कोणते गृहीतक आपल्या शाळांना अधिक लागू पडते, हे आकडे सांगत नाहीत, त्या शाळांत वावरलेली व्यक्ती सांगू शकते. म्हणून दोन्ही उत्तरे द्यावीत. आपल्या बाबतीत ०.७ आणि ०.५८ एकाच दिशेला आहेत, ही जमेची बाजू.

खरी अडचण मात्र याहून मोठी आहे आणि तिच्याकडे कोणीच लक्ष वेधले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. आपल्याकडे १२० मुली असल्या तरी उपक्रम मुलींना दिलेला नाही, शाळेला दिलेला आहे, आणि शाळा प्रत्येक बाजूला एकच आहे. एका शाळेतील मुली एकाच भटारखान्यातले जेवतात, एकाच विहिरीचे पाणी पितात, एकाच अधीक्षिकेच्या शिस्तीत राहतात. त्यामुळे त्यांची हिमोग्लोबिने एकमेकींसारखी असतात. अनेक शाळा असलेल्या अभ्यासात याचा हिशेब करता येतो : गटांतर्गत सहसंबंध (एका शाळेतील मुली एकमेकींसारख्या असण्याचे माप) अवघा ०.०२ असला आणि शाळेत ६० मुली असल्या, तर १ अधिक ५९ गुणिले ०.०२, म्हणजे २.१८ या गुणकाने सरासरीचे विचरण (चढउतार) फुगते आणि ६० मुलींची माहिती जेमतेम २७-२८ स्वतंत्र मुलींइतकी उरते. आपल्याकडे तर हा सहसंबंध मोजायलाही वाव नाही, कारण शाळेचा परिणाम आणि उपक्रमाचा परिणाम एकमेकांत पूर्णपणे मिसळलेले आहेत. पहिल्या शाळेत त्याच काळात स्वयंपाकाचा ठेकेदार बदलून पालेभाजी वाढली असेल, तर ती वाढही या ०.७ मध्येच दडलेली आहे. ती वेगळी काढणारी चाचणी अस्तित्वात नाही, मग ती टी असो, विलकॉक्सन असो की बहुस्तरीय रिग्रेशन.

यावर उपाय विश्लेषणात नसून लिहिण्यात आहे. अभ्यासाला ‘अर्ध-प्रायोगिक’ (गट चिठ्ठ्या टाकून न पाडलेला) म्हणावे, विश्वास अंतराल मुलींमधील विचरणावर आधारलेला असून शाळा-शाळांमधील विचरण त्यात धरलेले नाही हे तक्त्याखाली लिहावे, आणि त्या १२ आठवड्यांत प्रत्येक शाळेत आहार, पाणी, आजारपण, सुट्या यांत काय बदलले याची नोंद एका परिच्छेदात द्यावी. प्रायोगिक शाळेत प्रत्येक मुलीने १२ पैकी किती गोळ्या घेतल्या याची सोमवारची वही आपल्याकडे असणारच. गोळ्यांची संख्या आणि हिमोग्लोबिनमधील वाढ यांचा संबंध त्या एका शाळेच्या आतच पाहता येतो, तेथे शाळेचा प्रश्न येत नाही. अर्थात, सोमवारी गैरहजर राहणाऱ्या मुली आजारीही असू शकतात, हे ध्यानात ठेवून.

ज्ञानाच्या गुणांविषयी थोडक्यात सांगतो. प्रश्नावली समजा ३० गुणांची असेल, तर मिळालेले गुण हे गुण म्हणूनच वापरावेत. १० आणि ११ गुणांमध्ये ‘अल्प’ आणि ‘मध्यम’ अशी भिंत घालून मिळवलेली माहिती आपण स्वतःहून फेकून देतो. प्रश्न बरोबर-चूक स्वरूपाचे असतील तर विश्वसनीयतेसाठी केआर-२० हा (प्रश्नांच्या परस्पर सुसंगतीचा) निर्देशांक द्यावा. आणि दहा सामाजिक घटकांशी दहा काय-स्क्वेअर केल्या, तर कोठेही काही संबंध नसताना एखादी तरी ०.०५ च्या आत येण्याची शक्यता, त्या चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या तर, सुमारे ४० टक्के असते. ‘कुटुंबाचा प्रकार आणि ज्ञान यांत सार्थ संबंध आढळला’ या धर्तीची कितीतरी वाक्ये त्या ४० टक्क्यांतूनच जन्माला येतात, आणि पुढे बिचारी विद्यार्थिनी चर्चेच्या प्रकरणात त्याची कारणे शोधत बसते.

नर्सिंग_विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. दशांशाची तपासणी लगेच करून पाहिली. शून्य आणि पाच यांची संख्या खरोखरच जास्त आहे, पण पहिल्या मोजणीतच. दुसऱ्या मोजणीत बरीच कमी आहे. हे दोन्ही शाळांत सारखेच दिसते आणि दोन्ही ठिकाणी मोजणी मीच केली होती. जंतनाशक गोळी दोन्हीकडे आमच्या पहिल्या मोजणीच्या आधी दिली गेली होती. सिकलसेलच्या नोंदी मात्र एकाच शाळेत व्यवस्थित आहेत.

आता दोन अडचणी उरतात. सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) पेअर्ड, अनपेअर्ड आणि काय-स्क्वेअर या चाचण्या लिहिलेल्या आहेत आणि तो एथिक्स कमिटीकडून मंजूर झालेला आहे. त्यात अ‍ॅन्कोव्हा नाही. तसेच गाईड मॅडमांना ‘तुमची पद्धत चुकीची आहे’ असे मी कसे सांगू? आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे शाळेचा परिणाम वेगळा काढताच येत नसेल, तर परीक्षक माझा प्रबंध नाकारतील का?

उत्तर ४ — आकडेमोड

शाळांविषयीचा मुद्दा माझ्या उत्तरात यायला हवा होता, तो सरांनी आणला हे बरे झाले. आपल्या अडचणींपुरते लिहितो.

सिनॉप्सिसमधील चाचण्या गाळण्याची गरज नाही. पेअर्ड टी-टेस्टचा तक्ता ‘प्रत्येक शाळेतील बदल’ या शीर्षकाखाली ठेवावा, कारण त्या प्रश्नाचे ते योग्य उत्तर आहेच. वाढींची तुलना ही अनपेअर्ड टी-टेस्टच आहे. ती अखेरच्या मोजणीऐवजी फरकांवर लावली एवढेच, त्यामुळे सिनॉप्सिसच्या बाहेर आपण जातच नाही. अ‍ॅन्कोव्हाला ‘अतिरिक्त विश्लेषण’ म्हणावे आणि ते माहिती गोळा केल्यानंतर ठरले, असे उघड लिहावे. काय-स्क्वेअरचे तक्ते परिशिष्टात टाकावेत, किती चाचण्या केल्या तो आकडा द्यावा, आणि अपेक्षित वारंवारता ५ च्या खाली असलेल्या रकान्यांचे प्रमाण जास्त असेल तेथे फिशरची अचूक चाचणी वापरावी.

मॅडमांकडे जाताना चूक दाखवण्याच्या सुरात बोलू नये. ‘मॅडम, परीक्षकांनी दोन शाळांच्या वाढीतला फरक किती असे विचारले तर मी कोणता आकडा सांगू?’ एवढेच विचारावे आणि ०.७ चा तक्ता पुढे ठेवावा. त्या स्वतःही कधीतरी परीक्षक म्हणून बसलेल्या असतील, त्यांना हा प्रश्न लगेच कळेल. अधिकृत आधार लागलाच तर अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्यांविषयी प्रसिद्ध केलेले निवेदन दाखवता येईल. केवळ पी-मूल्याने एखादी रेषा ओलांडली की नाही, यावर शास्त्रीय निष्कर्ष ठरवू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

नाकारण्याची भीती मनातून काढून टाकावी. पदव्युत्तर प्रबंधाला दहा शाळा आणि दोन वर्षांचा निधी मिळत नाही, हे परीक्षकांना ठाऊक असते. मर्यादा आपणच आधी लिहिली असली तर व्हायव्हात तिच्यावर चर्चा होते. लपवली असली तर उलटतपासणी होते.

निकालाचे मुख्य वाक्य साधारण असे लिहिता येईल : ‘देखरेखीखाली गोळी देण्यात आलेल्या शाळेत हिमोग्लोबिनची सरासरी वाढ नियंत्रित शाळेपेक्षा ०.७ ग्रॅम प्रति डेसिलिटरने अधिक होती; प्रत्येक गटात एकच शाळा असल्यामुळे या फरकातील शाळेचा वाटा वेगळा करता आलेला नाही.’ विश्वास अंतराल कंसात, आपल्या शीटमधून आलेला, मी वर अंदाजाने दिलेला नव्हे. सिकलसेलच्या नोंदी एकाच शाळेच्या असल्यामुळे त्या सहचल म्हणून घालू नयेत, फक्त संख्या द्यावी.

उत्तर ५ — पीएसएम_रेसिडेंट

एक भर घालतो. पहिल्या मोजणीत दशांश शून्य आणि पाच यांवर गोळा झालेले असले तरी ते दोन्ही शाळांत सारखे आहेत आणि मोजणारी व्यक्ती एकच आहे, हे आपल्या बाजूचे आहे. ते पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत नोंदवावे. मात्र मोजणाऱ्या व्यक्तीला कोणती शाळा प्रायोगिक आहे हे माहीत होते, हेही त्याच ओळीत यावे.

छपाईला देण्यापूर्वी तक्त्यांमध्ये ‘पी = ०.०००’ असे कोठे राहिले आहे का ते पाहावे, कारण काही सॉफ्टवेअर तसे छापतात आणि परीक्षकांची नजर पहिली तेथेच जाते. त्या जागी ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे. साहलीच्या नळीवर एका दशांशाच्या पुढे वाचता येत नाही, तेव्हा सरासरी ११.८०६५ अशी न देता ११.८ द्यावी, आणि प्रमाण विचलनाला फार तर दोन दशांश स्थळे ठेवावीत.